चर्चचा गाळा, नाक्यावरचे मजूर आणि बाजारभाव

लेजरबाबू | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. लिहू की नको यात दोन आठवडे गेले.

आमच्या चर्चच्या (अंधेरी पूर्वेकडचं, नाव विचारू नका) कुंपणाला लागून रस्त्याकडे तोंड करून तीन गाळे आहेत. मधल्या गाळ्यात एक शिंपीमामा पंचवीसेक वर्षं बसतात. पहिल्या कम्युनियनचे सूट, लग्नाचे ब्लेझर, मयताच्या अंगावरचा काळा कोट, सगळं त्यांच्याच हातचं. भाडं महिना अठरा हजार. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपत आली आणि एका कॉफीवाल्या कंपनीचा माणूस आकडा ठेवून गेला: एक लाख दहा हजार, शिवाय रंगरंगोटीचा खर्च त्यांचा.

बँकेत एकतीस वर्षं लेजर ओढल्यामुळे चर्चच्या फायनान्स कमिटीत हिशेबाचं काम माझ्या गळ्यात आहे. हिशेब तर सरळच. महिन्याला ब्याण्णव हजारांचा फरक. आमचा रात्रीचा अभ्यासवर्ग, काही म्हाताऱ्या बायांचं रेशन, गळकं छप्पर, सगळं दानपेटीवर. आणि दानपेटीत हल्ली दहाच्या नोटा. बाकीचे 'जीपे करतो' म्हणतात आणि घरी गेल्यावर विसरतात.

मीटिंगमध्ये सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, चर्चची मालमत्ता गरिबांची, ती स्वस्तात देणं म्हणजे म्हाताऱ्या बायांच्या ताटातलं काढून शिंप्याला देणं. दुसरा म्हणतो, बाजारभावच लावायचा तर समोरच्या बिल्डरात आणि आपल्यात फरक काय?

त्यातच रविवारी मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) वाचन नेमकं द्राक्षमळ्याच्या मालकाचं (मत्तय २०). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मालक पहाटे नाक्यावर जाऊन दिवसाची मजुरी ठरवून माणसं आणतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि पार पाचला जाऊन आणखी आणतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखी मजुरी देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले चिडतात.

आता आमच्या चर्चच्या कोपऱ्यावरच मजूर नाका आहे. दूध आणायला जातो तेव्हा रोज बघतो. साडेसातला गवंडी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून ताठ उभा असतो, भाव विचारला की एकच आकडा सांगतो, कमीजास्त नाही. साडेनवाला तोच माणूस दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो आणि आकडा दीडदोनशेनं उतरलेला. अकरा वाजता कुणी स्कूटर थांबवली तरी पाचसहा जण धावतात आणि म्हणतात, 'जो देना है दे दो साब'. बाजार म्हणजे काय हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकानं नाही, त्या पायरीनं शिकवलं.

तर प्रश्न असा. ख्रिस्ती श्रद्धा आणि खुला बाजार यांचं जमतं का? की रविवारी एक आणि सोमवारी दुसरं असंच चालायचं?

---

पार्ल्याचा_सीए | शनिवार, रात्री ११:३५

लेजरबाबू, मी ख्रिस्ती नाही, पण तुमचा दृष्टांत पुन्हा वाचून पाहिला. कुरकुर करणाऱ्यांना मालक काय म्हणतो? 'तुझ्याशी ठरलं तेवढं तुला दिलं ना? जे माझं आहे त्याचं मला वाटेल ते करायची मला मोकळीक नाही का?' अहो, हे तर खासगी मालमत्ता आणि कराराचं स्वातंत्र्य झालं! याहून खुल्या बाजाराचं वाक्य कुठलं हवंय? मालकावर किमान वेतनाचा कायदा नव्हता, युनियन नव्हती. त्यानं स्वतःच्या खिशातून दिलं.

दुसरं, बाजार ही पाखंड्यांची कल्पना आहे असं समजू नका. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये सालामांका विद्यापीठात जे धर्मगुरू नीतिशास्त्र शिकवत, त्यांनीच सांगितलं की 'न्याय्य किंमत' म्हणजे फसवणूक आणि मक्तेदारी नसताना बाजारात लोकांच्या अंदाजानं ठरते ती. त्यांतले मार्टिन दे आस्पिलक्वेता यांनी १५५६ साली मांडलं की अमेरिकेतून सोनं-चांदी आली म्हणून स्पेनमध्ये भाव चढले; जिथं पैसा कमी तिथं त्याची किंमत जास्त. हे गृहस्थ नात्यानं कोण, तर ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या आईकडचे.

आणि भाडं गोठवल्यावर काय होतं हे मुंबईकराला मी सांगायचं? १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली. मालकानं डागडुजी सोडली, भाडेकरूनं घर दुसऱ्याला देताना पागडी म्हणून रोकड घेतली, पावसाळ्यात इमारती बसल्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते गोठलेलं भाडं अवाजवी ठरवलं. दया कायद्यात घातली की तिची पागडी होते.

---

नळबाजार | शनिवार, रात्री ११:४१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

लाल_तारा | रविवार, सकाळी ९:०५

सीएसाहेब, सोयीचं तेवढं वाचू नका. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ४: पहिल्या ख्रिस्ती मंडळीत कुणीच कशाला 'माझं' म्हणत नव्हतं, शेतं-घरं विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवत आणि ज्याला जशी गरज तसं वाटत. मार्क्सच्या अठराशे वर्षं आधी! येशूनं चाबूक उचलला तो एकदाच, आणि कुणावर? मंदिरातल्या सराफांवर आणि विक्रेत्यांवर. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये स्वच्छ लिहिलं की अशी अर्थव्यवस्था माणसं मारते, आणि वरून झिरपत झिरपत गरिबांपर्यंत पोचेल या भरवशाला पुरावा नाही.

कॉफीवाल्याला गाळा द्याल तर निदान तो उतारा दारावर लावा.

---

पार्ल्याचा_सीए | रविवार, सकाळी ९:२०

एक पान पुढे जा, अध्याय ५. हनन्या जमीन विकून थोडे पैसे लपवतो, तेव्हा पेत्र त्याला विचारतो की विकण्याआधी ती तुझीच होती ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? शिक्षा खोटं बोलल्याची आहे, मालमत्ता ठेवल्याची नव्हे. स्वखुशीनं दिलेलं दान आणि सरकारनं काढून घेतलेली जमीन यांत फरक आहे हो.

---

सुकेळी | रविवार, दुपारी १:१०

मी वसईची. हा वाद आमच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी होतो, त्यामुळे भाकऱ्या थापता थापता लिहितेय.

तुम्ही दोघं बायबल आणि स्पेन घेऊन बसलात, जरा इकडं बघा. आमच्याकडे बसीन कॅथोलिक बँक आहे. १९१८ साली काढली कुणी? धर्मगुरूंनी! मोन्सिनॉर पी. जे. मोनीस यांनी. आता ज्या चर्चनं शेकडो वर्षं व्याज घेणं पाप म्हणून सांगितलं, पोपनी अगदी १७४५ मध्ये पत्र काढून पुन्हा बजावलं, त्याच चर्चचा माणूस बँक काढतो आणि व्याज घेतो. हे कसं?

माझे आजोबा सांगत ते असं. केळीच्या आणि पानाच्या बागांना पैसा लागे पावसाआधी, पीक हातात यायचं नंतर. मधल्या महिन्यांत सावकार. त्याचं व्याज फेडता फेडता बाग जायची. तिथं 'व्याज पाप आहे' असं प्रवचन देऊन सावकाराचं काहीच बिघडत नव्हतं. बिघडलं ते शेजाऱ्यांनी आपापले पैसे एकत्र ठेवून एकमेकांना माफक व्याजानं द्यायला सुरुवात केली तेव्हा. म्हणजे सावकाराला स्पर्धा उभी राहिली तेव्हा! सीएसाहेब खूश होतील. पण ती उभी राहिली ती नफ्यासाठी नाही, म्हणून लाल तारा यांनीही खूश व्हायला हरकत नाही.

या कल्पनेचा प्रवासही मजेशीर आहे. जर्मनीत राइफायझेन नावाचा एका खेड्याचा मेयर होता, श्रद्धाळू प्रॉटेस्टंट. १८४६-४७ च्या उपासमारीत त्यानं गावकऱ्यांसाठी भाकरीची मंडळी काढली, पुढे १८६४ मध्ये शेतकऱ्यांची पतपेढी. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यानं ते अभ्यासून सरकारला अहवाल दिला, त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आणि चौदा वर्षांत वसईत कॅथोलिक बँक. जर्मन प्रॉटेस्टंटाची युक्ती, इंग्रजांचा कायदा, पैसा आमच्या केळीवाल्यांचा.

आता कडू भाग. त्याच वसईत आमच्याच माणसांनी बागायती बिल्डरांना विकल्या. फादर दिब्रिटो हरित वसईसाठी, म्हणजे या बागा वाचवायला, रस्त्यावर उतरले तेव्हा लोक मोर्चात होते, आणि त्यांतलेच काही जण रात्री दलालाशी फुटाचा भाव बोलत होते. आमच्या घरानंही एक तुकडा विकलाय. माझ्या इंजिनियरिंगची फी त्यातूनच गेली. त्यामुळे मी कुणाला बोल लावत नाही. विहिरीला मचूळ पाणी येतं तेव्हा मात्र आठवतं.

---

लेजरबाबू | रविवार, दुपारी ४:३०

सुकेळीताई, शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद. व्याजाच्या कोड्याची एक कडी माझ्याकडून. इटलीत पेरूजा इथं १४६२ साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी गरिबांसाठी गहाणाची पेढी काढली. वस्तू ठेवा, थोडं शुल्क भरा, पैसे न्या. इतर धर्मपंडित तुटून पडले की शुल्क म्हणजे व्याजच. पन्नासेक वर्षं भांडण चाललं. शेवटी १५१५ मध्ये पोपच्या परिषदेनं निकाल दिला: पेढी चालवायचा खर्च भागण्यापुरतं घेतलं तर पाप नाही.

तेव्हा पोप लोकांनी बाजाराला 'हो' म्हटलं की 'नाही', याचं एका शब्दात उत्तर शोधू नये. १८९१ चं तेराव्या लिओंचं पत्र घ्या. कामगारांची बाजू मांडणारं म्हणून प्रसिद्ध, पण सुरुवातीलाच समाजवाद फेटाळून खासगी मालमत्तेचा हक्क ठणकावून सांगतात. आणि पुढे? कामगार आणि मालक यांनी राजीखुशीनं मजुरी ठरवली म्हणजे न्याय झाला, हेही फेटाळतात. माणसानं गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीनं कमी मजुरी कबूल केली, तर तो बळजबरीचा बळी आहे.

आमच्या पायरीवरचं अकरा वाजताचं 'जो देना है दे दो' हे लिओंनी व्हॅटिकनमध्ये बसून कसं ऐकलं कोण जाणे. सीएसाहेब, तुमच्या सालामांकावाल्यांची न्याय्य किंमत या माणसाला लागू होते का?

---

पार्ल्याचा_सीए | रविवार, सायंकाळी ६:१५

प्रश्न रास्त. अकराच्या माणसाची अडचण अशी आहे की स्कूटर एकच थांबली. दहा स्कूटर थांबल्या असत्या तर भाव त्यानं ठरवला असता. म्हणून मी म्हणतो की धंदा करणं सोपं करा, बांधकाम वाढू द्या. १ मे १९९१ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढलं (आपल्याकडे त्याच जुलैत मनमोहन सिंगांचं बजेट आलं, योगायोग). त्यात नफा हे उद्योग नीट चालल्याचं लक्षण म्हणून मान्य केलंय. उद्योग, बाजार, खासगी मालमत्ता आणि त्यासोबतची जबाबदारी म्हणजे भांडवलशाही असेल तर चालेल, असं लिहिलंय.

---

लाल_तारा | रविवार, सायंकाळी ६:२२

आणि त्याच परिच्छेदाचा उरलेला अर्धा? त्या स्वातंत्र्याला कायद्याची भक्कम चौकट नसेल तर उत्तर 'नाही'. तो कोण वाचणार?

---

पार्ल्याचा_सीए | रविवार, सायंकाळी ६:२५

चौकट मलाही हवी. मक्तेदारी मोडणारी. तुमची परमिटं वाटणारी.

(तुमची म्हणजे 'तुम्हाला हवी ती'. वाक्य घसरलं. राहू दे.)

---

भायखळा_नगर | सोमवार, रात्री १२:४०

रात्रपाळीला आहे, जरा लांबण लागेल. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट. इथं सगळी चर्चा पोपच्या पत्रांवर चाललीय, पण मुंबईत ख्रिस्ती धर्म आणि खुला व्यापार ही जोडी एकाच कायद्याच्या पाठीवर बसून आली, हे कुणी काढलं नाही.

१८१३ चा सनदी कायदा. त्यानं ईस्ट इंडिया कंपनीची भारताच्या व्यापारावरची मक्तेदारी संपवली (चहा आणि चीन सोडून) आणि त्याच कायद्यानं मिशनऱ्यांना हिंदुस्थानात यायचा रस्ता उघडला. त्याआधी कंपनी मिशनऱ्यांना हुसकून लावायची. धर्मात हात घातला की लोक बिथरतात आणि धंदा बसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईला उतरले तेव्हा त्यांना परत पाठवायचा हुकूम निघाला होता. म्हणजे मक्तेदारीला धर्म नको होता, खुल्या व्यापाराला चालत होता. इंग्लंडात पुढे धान्यावरच्या जकाती उठवायच्या चळवळीत जॉन ब्राइट पुढे होता, तो क्वेकर (खरं बोलण्यावर कटाक्ष असलेला एक ख्रिस्ती पंथ). भाकरीवर कर म्हणजे देवाच्या दानावर कर, अशा चालीची प्रवचनं तेव्हा होत.

हे झालं उजळ पान. आता दुसरं.

१८७६-७८ चा दुष्काळ. दख्खन करपलेलं आणि सरकारचं धोरण असं की धान्याच्या खासगी व्यापारात हात घालायचा नाही, भाव चढले की धान्य आपोआप येईल. आलं नाही असं नाही. पण ज्याच्या हातात पैसाच नाही त्याच्यासाठी कशाला थांबेल? बंदरातून निर्यात चालूच होती. सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणलं. मजुरांनी काम सोडलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारला अर्जांवर अर्ज केले. हे धोरण आखणारे साहेब रविवारी चर्चला जात. आणि उपाशी माणसांना भाकरी घालणारे मिशनरीही त्याच चर्चला जात. एकच पुस्तक, एकच बाक.

आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा त्या दुष्काळानंतरचा. आम्हाला 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणून हिणवतात, शाळेत मीही ऐकलंय. माझी आजी त्यावर म्हणायची, 'भाकरी देणाऱ्याचा देव बघायला गेलो, त्यात लाज कसली?' सीएसाहेबांच्या भाषेत आम्ही गिऱ्हाईक होतो, ज्या दुकानात माल होता तिथं गेलो. हसा, पण हेही खरंच आहे.

---

नियंत्रक | सोमवार, सकाळी ८:१५

धर्मांतरावर आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथं बाजारभावावरच बोला.

---

मोतमावली | सोमवार, सकाळी ११:३०

आमचं लहानपण बांद्र्याचं. सप्टेंबरात मोत मावलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला आई मेणबत्त्यांचा स्टॉल लावायची. मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ. ज्याचा जसा नवस. जत्रा चढली की शेजारचे स्टॉलवाले भाव दुप्पट करायचे, गर्दीतला माणूस घासाघीस करत नाही. आई करायची नाही. मी चिडून विचारलं तर म्हणाली, 'मेणाचं बाळ मागणाऱ्या बाईला भाव काय सांगू?'

पण पाच मिनिटांनी मेणाचा बंगला घेणाऱ्या शेठकडून तिनं चांगले दुप्पट घेतले. मी बघतच राहिले. अर्थशास्त्रात याला काही नाव असेल तर सांगा.

---

पार्ल्याचा_सीए | सोमवार, दुपारी १२:०२

आहे. ग्राहक बघून भाव. विमान कंपन्या हेच करतात. आईंना साष्टांग.

---

भायखळा_नगर | सोमवार, दुपारी १२:२०

क्वेकर दुकानदार नेमकं उलट करत. 'तुमचं होय ते होय, नाही ते नाही असावं' या वचनाला धरून सगळ्यांना एकच भाव, घासाघीस बंद. जास्त सांगून कमी घेणं हे त्यांना खोटं बोलणं वाटे. लहान पोराला पाठवलं तरी फसणार नाही, म्हणून गिऱ्हाईक वाढलं आणि ते श्रीमंत झाले. आता मावशी खऱ्या की क्वेकर?

---

सुकेळी | सोमवार, दुपारी १२:४५

मावशी. पण हिशेब क्वेकरांकडे द्यावा.

लेजरबाबू, एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. शिंपीमामांशी कुणी बोललंय का? तीन दिवस त्यांच्या गाळ्यावर स्पेन-जर्मनी झालं.

---

लेजरबाबू | सोमवार, दुपारी २:१०

नाही हो. खरंच नाही. कमिटीतही कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी जातो.

---

लेजरबाबू | पुढच्या रविवारी, रात्री ९:३०

उशीर झाला, माफी. त्याच संध्याकाळी गेलो होतो. मामा एका पोराच्या बाहीचं माप घेत होते, तोंडात टाचण्या. मी एक लाख दहाचा आकडा सांगितला. टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि म्हणाले, 'मग अठरा हजारांत कशाला ठेवलंत इतकी वर्षं?' मला वाटलं रागावले. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं, इतका फरक आहे हे आधी कळलं असतं तर त्यांनीच काहीतरी सुचवलं असतं. आपण कुणाच्या तरी रेशनवर बसलोय हे त्यांना माहीतच नव्हतं.

मग म्हणाले, 'मला रस्त्याचं शटर कशाला हवंय? माझं गिऱ्हाईक मला शोधत येतं. चष्म्याच्या दुकानाला शटर लागतं.' गाळा खोल आहे, मधे प्लायवूडची भिंत घालता येते. मागचा भाग, ज्याला चर्चच्या आवारातून दार आहे, त्यांना. पुढचा बाजारभावानं दुसऱ्याला. त्यांनी स्वतःच पट्टीनं मोजून दाखवलं. बँकेतल्या एकतीस वर्षांत इतकं साफ प्रपोजल मी पाहिलं नाही.

कॉफीवाल्यांना अख्खा गाळाच हवा होता, ते गेले. पुढचा भाग एका चष्मेवाल्यानं सत्तर हजारांना घेतला. मामांचं भाडं अठरावरून बारा केलं आणि दर वर्षी चार टक्के वाढ. (चार टक्के कुठून आले विचाराल तर १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात तेवढीच वाढ आहे. लिव्ह अँड लायसन्सला तो आकडा बांधील नाही, पण कमिटीला दुसरा सुचेना. सीएसाहेब, हसू नका.) एक लाख दहाच्या ऐवजी ब्याऐंशी हजार. अठ्ठावीस हजार आपण सोडले. एक सभासद अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचंही काही चूक नाही. छप्पर या पावसाळ्यात ताडपत्रीवरच जाईल.

---

लाल_तारा | रविवार, रात्री ९:५२

म्हणजे कामगारानंच तोडगा काढला. नोंद घ्यावी.

---

पार्ल्याचा_सीए | रविवार, रात्री ९:५५

स्वखुशीच्या करारानं. नोंद घ्यावी.

---

मोतमावली | रविवार, रात्री १०:२०

नातवाचं कम्युनियन आहे. मामांचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) कराल का?

---

लेजरबाबू | रविवार, रात्री १०:२४

केलाय. आवारातून, मागच्या दारानं जा. आणि मावशी, घासाघीस करू नका, ते क्वेकर आहेत.